भाजल्यानंतरचा जाड व्रण: जखम भरल्यावर काय करायचं, कधी आणि किती दिवस

ड्रेसिंग बंद झालं, डॉक्टरांनी ‘जखम भरली’ असं सांगितलं, की घरातले सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात. व्रणाचं काम मात्र त्याच दिवशी सुरू होतं. आज सपाट आणि गुलाबी दिसणारी कातडी पुढच्या एक-दोन महिन्यांत लाल, उंच आणि टणक होऊ लागते. रात्री खाजेनं झोप लागत नाही. कोपर पूर्ण सरळ होत नाही, मान एका बाजूला ओढली जाते. तोवर दवाखान्याच्या फेऱ्या थांबलेल्या असतात आणि सगळ्यात उपयोगाचे महिने हातातून निसटलेले असतात. पुढची माहिती याच काळासाठी आहे, ज्यांच्या घरात भाजलेलं माणूस नुकतंच परतलं आहे त्यांच्यासाठी.

कोणत्या जखमेचा व्रण जाड होणार, हे आधी ओळखा

सगळ्यात मोठी खूण म्हणजे जखम भरायला लागलेले दिवस. दोन आठवड्यांच्या आत आपोआप भरलेल्या भाजण्याचा बहुतेक वेळा रंगाचा डाग राहतो, उंचवटा सहसा येत नाही. तीन आठवड्यांपेक्षा जास्त लागले, तर जाड व्रणाची शक्यता खूप वाढते. कातडीचा वरचा थरच भाजला असेल, तर केसांच्या मुळांशी आणि घामाच्या ग्रंथींपाशी उरलेल्या पेशींपासून नवी कातडी पटकन तयार होते. भाजणं खोल असेल तर तो साठा जळून जातो. जखम कडेकडेनं, सावकाश भरते आणि तितके दिवस तिथे दाह चालू राहतो. दाह जितका लांबतो, तितकं कोलॅजन, म्हणजे कातडीला बांधून ठेवणारे तंतू, जास्त आणि अस्ताव्यस्त साठतं. शिवाय जखम ओढून लहान करणाऱ्या पेशी काम संपल्यावरही तिथेच राहतात आणि ओढतच राहतात. व्रण जाड होतो आणि आखडतोही, तो यामुळे.

म्हणूनच तीन आठवड्यांत भरणार नाही अशी जखम दिसली, की प्लास्टिक सर्जन वाट न बघता मेलेली कातडी काढून ग्राफ्ट, म्हणजे अंगावरच्याच दुसऱ्या जागेची पातळ कातडी, लावायला सांगतात. युगोस्लाव्हियातल्या मारिबोर इथल्या डॉ. झोरा यान्झेकोविच यांनी १९७० मध्ये ही लवकर खरवडून लगेच ग्राफ्ट लावण्याची पद्धत जगापुढे मांडली आणि भाजण्याच्या उपचारांची दिशा बदलली. मांडीची कातडी काढणार म्हटल्यावर घरचे घाबरतात, ‘औषधानं भरू द्या’ असा आग्रह धरतात. त्या आग्रहाची किंमत पुढे व्रणाच्या रूपात मोजावी लागते. फार मोठं भाजलं असेल तर स्वतःची कातडी पुरत नाही. तेव्हा त्वचापेढीतली दान केलेली कातडी तात्पुरतं आवरण म्हणून लावतात. मुंबईत शीव रुग्णालयात अशी पेढी २००० साली सुरू झाली, ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्येही ती आहे.

जखमेत जंतुसंसर्ग झाला असेल, वय कमी असेल, कातडी सावळी असेल किंवा भाजलेली जागा छाती, खांदा, मान, जबडा किंवा एखादा सांधा असेल, तर धोका आणखी वाढतो. यातल्या दोन गोष्टी जुळल्या तरी व्रण दिसायची वाट पाहू नका, उपाय आधीच सुरू करा.

जाड व्रण की केलॉइड?

दोन्ही उंच, दोन्ही खाजरे. पण वागणूक वेगळी, त्यामुळे उपचारही वेगळे.

जाड व्रण, म्हणजे डॉक्टरांच्या कागदावरचा हायपरट्रॉफिक स्कार, जखमेच्या हद्दीतच राहतो. जखम भरल्यावर साधारण एक ते दोन महिन्यांत तो उठायला लागतो, सहा महिने वाढतो आणि मग सावकाश मऊ, फिकट, चपटा होत जातो. पूर्ण पिकायला, म्हणजे बदलायचा थांबून शांत व्हायला, एक ते दोन वर्षं लागतात. भाजल्यानंतर दिसणारे बहुतेक उंच व्रण याच प्रकारचे असतात.

केलॉइड मूळ जखमेची हद्द ओलांडून शेजारच्या चांगल्या कातडीत पसरतो. तो कधी कधी काही महिन्यांनी, तर कधी वर्षांनंतरही उगवतो आणि आपोआप बसत नाही. कानाची पाळी, छातीचा मध्य, खांदा, जबड्याची कड या त्याच्या आवडत्या जागा. घरात कुणाला कान टोचल्यावर गाठ आली असेल तर ते पहिल्याच भेटीत डॉक्टरांना सांगा. शंका असेल तर व्रणाच्या कडेचा फोटो मूळ जखमेच्या फोटोशेजारी ठेवून बघा. कड पुढे सरकली असेल तर तो केलॉइड मानून दाखवायला जा.

दर महिन्याला नोंद ठेवा

व्रण इतका सावकाश बदलतो की रोज बघणाऱ्याला बदल कळत नाही. महिन्यातून एकदा, एकाच खिडकीपाशी, एकाच अंतरावरून, शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा. फोटोबरोबर चार गोष्टी लिहा: रंग (गुलाबी, लाल की जांभळा, बोटानं दाबल्यावर पांढरा पडून परत किती पटकन लाल होतो), उंची, मऊपणा आणि खाज. डॉक्टर वापरतात त्या व्हँकुव्हर मोजपट्टीत रक्तपुरवठा, रंगद्रव्य, लवचीकता आणि उंची धरून ० ते १३ गुण असतात. त्यात २ मिलिमीटरपर्यंत उंचीला १ गुण, २ ते ५ ला २ आणि ५ च्या वर ३. घरी गुण द्यायची गरज नाही. पण ‘उंची तांदळाच्या दाण्याएवढी होती, आता शेंगदाण्याएवढी आहे’ इतकं लिहिलं तरी तपासणाऱ्याचं काम निम्मं होतं.

दाबल्यावर पटकन लाल होणारा व्रण अजून चालू आहे, म्हणजे उपाय लागू पडतील. फिकट आणि मऊ झालेला व्रण पिकला, त्यावर दाब आणि सिलिकॉनचा फारसा परिणाम होत नाही.

तेलपाणी आणि मालिश

नव्या कातडीत तेलाच्या ग्रंथी उरलेल्या नसतात, ती कोरडी पडते, तडकते आणि खाजते. दिवसातून तीन-चार वेळा बिनवासाचं मॉइश्चरायझर किंवा साधं पांढरं पेट्रोलियम जेली पातळ लावा. खोबरेल तेल चालतं. लिंबू, हळदीचा जाड लेप, टूथपेस्ट, ‘डाग घालवणारी’ स्टेरॉइडमिश्रित मलमं नकोत. व्हिटॅमिन ई तेलाची जाहिरात खूप होते, पण त्याचा फायदा सिद्ध झालेला नाही आणि अनेकांना त्यानं पुरळ येतं.

मालिश सुरू करायची ती कातडी पूर्ण बंद झाल्यावर. ओला भाग, नवा फोड किंवा खपली असेल तर तेवढी जागा सोडा. पहिले दोन आठवडे फक्त दाब: अंगठ्याचं पेर व्रणावर ठेवा, जागा पांढरी पडेल इतकं दाबा, पाच-सहा सेकंद धरा, सोडा. कातडी टिकते आहे असं दिसलं की दाब कायम ठेवून लहान गोल फिरवा, मग उभं, मग आडवं. शेवटी व्रण दोन बोटांत चिमटीत उचलून खालच्या थरापासून सोडवायचा प्रयत्न करा. एका जागेला पाच ते दहा मिनिटं, दिवसातून दोन-तीन वेळा. नुसतं वरून तेल चोळलं तर घर्षणानं फोड येतात आणि व्रण खाली चिकटलेलाच राहतो. बोट कातडीवर घसरायला नको, कातडी बोटाबरोबर हलायला हवी.

प्रेशर गारमेंट

घट्ट, ताणल्या जाणाऱ्या कापडाचे कपडे मापानं शिवून व्रणावर सतत दाब ठेवायचा, ही पद्धत अमेरिकेत गॅल्व्हेस्टन इथल्या श्रायनर्स रुग्णालयातल्या लार्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला रूढ केली. दाबामुळे व्रणाचा रक्तपुरवठा आणि सूज कमी होते, तंतू रांगेत येतात, असं मानलं जातं. मुख्य फायदा उंची कमी होण्यात दिसतो. रंगावर परिणाम फार कमी.

जखम बंद झाल्यावर दोनेक आठवड्यांत माप घ्यायला जा. तोपर्यंत हातापायाला इलॅस्टिक बँडेज गुंडाळा: बोटांकडून सुरुवात करून वर जायचं, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याचा निम्मा भाग झाकेल असा, आठच्या आकड्यात. वरून खाली गुंडाळलं तर पंजा सुजतो.

गारमेंट दिवसातून २३ तास घालायचा असतो. आंघोळ, मालिश आणि चेहऱ्याचा मास्क असेल तर जेवण, एवढ्यासाठीच काढायचा. दाब पाऱ्याच्या २० ते ३० मिलिमीटरइतका हवा. व्रण पिकेपर्यंत, म्हणजे बहुतेकांना वर्ष ते दीड वर्ष, तो घालावा लागतो. दोन जोड हवेतच, एक अंगात, एक वाळत. कापड दोन-तीन महिन्यांत ढिलं पडतं, तेव्हा नवं माप घेऊन नवा शिवा. वाढत्या मुलाचा त्याहूनही लवकर बदलावा लागतो. ढिला गारमेंट घालून ‘वर्षभर घातला, फरक पडला नाही’ असं म्हणणारे खूप जण भेटतात.

धुवायचा तो कोमट पाण्यात, सौम्य साबणानं, हातानं. पिळायचा नाही, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढायचं, सावलीत वाळवायचं. ऊन आणि गरम पाणी इलॅस्टिक मारतात. तेल आणि व्हॅसलीनही तेच करतात, म्हणून मालिशनंतर कातडी पुसून मगच गारमेंट चढवा. कोकण-मुंबईच्या दमट हवेत आत घामोळं येतं. अशा वेळी तो काढून ठेवू नका. दिवसातून दोन वेळा पाच मिनिटं काढा, अंग ओल्या कापडानं पुसा, पूर्ण कोरडं करा, दुसरा जोड घाला.

बोटं निळसर पडली, बधिर झाली, किंवा शिवणीखाली फोड आला, तर लगेच काढून शिवणाऱ्याला दाखवा. लहान मुलांच्या चेहऱ्यावर मास्क असेल तर जबड्याच्या आणि दातांच्या वाढीवर दाबाचा परिणाम होऊ शकतो, म्हणून दंतवैद्याची तपासणी सोडू नका.

एक गोष्ट शिवणारेही विसरतात: खोलगट जागी कापड टेकतच नाही. तळहात, दोन स्तनांमधली जागा, नाकाच्या बाजू, बोटांच्या बेचक्या इथे गारमेंटखाली फोमची किंवा सिलिकॉनची भर घालावी लागते. बोटांच्या बेचकीत ती न घातल्यानं दोन बोटांमधली कातडी बदकाच्या पायासारखी पुढे येते.

सिलिकॉन

भाजलेल्या व्रणावर सिलिकॉन जेल लावण्याचा पहिला अनुभव ऑस्ट्रेलियातल्या अॅडिलेडमधून १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला प्रसिद्ध झाला. ते कातडीतला ओलावा उडू देत नाही, आणि ओलाव्यामुळे तंतू बनवणाऱ्या पेशी शांत होतात.

सिलिकॉन शीटच्या (पातळ चिकट पट्टीच्या) किंवा ट्यूबमधल्या जेलच्या रूपात मिळतं. शीट असेल तर व्रणापेक्षा सर्व बाजूंनी साधारण एक सेंटिमीटर मोठी कापा. पहिल्या दोन दिवशी चार तास ठेवा, कातडीला सोसलं तर रोज वाढवत १२ ते २४ तासांपर्यंत न्या. रोज काढून शीट आणि कातडी दोन्ही सौम्य साबणानं धुवा, शीट हवेवर वाळवा, पुन्हा लावा. चिकटपणा गेला की बदला. चेहरा किंवा सांध्यावर शीट टिकत नाही, तिथे ट्यूबमधलं जेल दिवसातून दोन वेळा, अगदी पातळ, चार-पाच मिनिटं वाळू देऊन. जाड थर लावला तर तो वाळत नाही, कपड्याला पुसला जातो आणि पैसे वाया जातात. किमान तीन महिने, शक्यतो सहा. उघड्या जखमेवर सिलिकॉन कधीच नाही. पुरळ आलं तर बरं होईपर्यंत बंद, मग कमी तासांनी पुन्हा सुरू.

गारमेंट, सिलिकॉन आणि मालिश एकत्र चालवता येतात: सकाळी आंघोळ, मालिश, पुसणं, सिलिकॉन, त्यावर गारमेंट.

आराम वाटतो ती स्थिती घातक

सगळ्यात जास्त जोर इथे द्या. उंच व्रण दिसायला वाईट, पण आखडलेला व्रण हात निकामी करतो. भाजलेला माणूस दुखू नये म्हणून अंग मुडपून घेतो: मान पुढे, हात छातीशी, कोपर दुमडलेलं, गुडघे वर. व्रण त्याच स्थितीत गोठतो. आईनं मायेनं मानेखाली दिलेली उशी हनुवटी छातीला चिकटवते.

मानेचा पुढचा भाग भाजला असेल तर उशी नाही. खांद्यांखाली गुंडाळलेली चादर ठेवा, डोकं किंचित मागे जाऊ द्या. काख भाजली असेल तर झोपताना हात अंगापासून ९० अंश लांब आणि थोडा पुढे, उशांवर टेकवून. कोपर आणि गुडघा सरळ. पाऊल घोट्यात काटकोनात, पलंगाच्या शेवटी आधार देऊन. पंजाची मागची बाजू भाजली असेल तर मनगट २० ते ३० अंश मागे, मुठीचे सांधे ७० ते ९० अंश वाकलेले, पुढची पेरं सरळ, अंगठा बाहेर. तळहात भाजला असेल तर उलट: पंजा पूर्ण उघडा, बोटं पसरलेली. चहा सांडून किंवा गरम भांडं धरून तळहात भाजलेल्या लहान मुलांत हे नेमकं चुकतं. त्यांची मूठ बंद बांधून ठेवली जाते आणि महिन्याभरात ती उघडत नाही.

या स्थिती टिकवायला फिजिओथेरपिस्ट किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्ट प्लास्टिकच्या स्प्लिंट, म्हणजे सांधा ठरलेल्या स्थितीत धरून ठेवणारे साचे, करून देतात. सुरुवातीला रात्रभर, दिवसा व्यायामाच्या मधल्या वेळात. दिवसा ताण देणारे व्यायाम चार-पाच वेळा करा. सांधा सावकाश ताणायचा, व्रण पांढरा पडेल तिथे थांबायचं, ३० सेकंद धरायचं, मग आणखी थोडं पुढे. धक्का देऊन ताणलं तर व्रण फाटतो, पुन्हा दाह होतो, आणखी जाड होतो. आंघोळीनंतर, तेल लावल्यावर कातडी सैल असते, तेव्हा करणं सोपं. शेकायची पिशवी लावू नका. व्रणाला संवेदना कमी असतात, पुन्हा भाजतं.

खाज आणि ऊन

खाज हे बिघाडाचं लक्षण नाही, चालू व्रण खाजतोच. पण खाजवून कातडी फुटली तर सगळं मागे जातं. नखं कापलेली, रात्री सुती हातमोजे, थंड ओला रुमाल, मॉइश्चरायझर फ्रिजमध्ये ठेवून लावणं, आणि मालिश. तेवढ्यानं झोप लागत नसेल तर डॉक्टर अँटिहिस्टॅमिन, म्हणजे खाज कमी करणारं औषध, देतात. त्यानंही भागलं नाही तर गॅबापेंटिन या मज्जातंतूंवरच्या औषधाचा चांगला उपयोग होतो, कारण खाजेचा काही भाग मज्जातंतूंचा असतो.

लाल असेपर्यंत व्रणावर ऊन पडलं तर तो कायमचा काळा होऊ शकतो. कपड्यानं झाकणं सगळ्यात भरवशाचं. उघड्या भागाला एसपीएफ ३० किंवा वरचं सनस्क्रीन, बाहेर असताना दर दोन तासांनी.

इंजेक्शन, लेझर, शस्त्रक्रिया

तीन-चार महिने नीट करूनही एखादा पट्टा उंचावतच असेल, तर ट्रायअॅम्सिनोलोन हे स्टेरॉइड थेट व्रणात टोचतात: १० ते ४० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर, दर चार ते सहा आठवड्यांनी. टणक व्रणात सुई जाताना दुखतं. बधिर करायचं औषध मागा. औषध व्रणाखालच्या चरबीत गेलं तर तिथे खड्डा पडतो, व्रणात जास्त झालं तर कातडी पातळ आणि पांढरी होते. मधुमेह असेल तर साखर वाढू शकते, काहींची पाळी अनियमित होते. हट्टी व्रणात सोबत ५-फ्लुरोयुरॅसिल हे पेशींची वाढ रोखणारं औषध मिसळतात, पण गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना नाही. अख्ख्या पाठीला किंवा हाताला इंजेक्शनं देता येत नाहीत, हा उपाय लहान जागांसाठी.

लालसरपणासाठी पल्स्ड डाय लेझर (५८५ किंवा ५९५ नॅनोमीटर), जाडी आणि ताठरपणासाठी फ्रॅक्शनल कार्बन डायऑक्साइड लेझर. दुसऱ्याचा उपयोग आखडलेल्या व्रणातही होतो, चार ते आठ आठवड्यांच्या अंतरानं अनेक बैठका लागतात. आपल्या रंगाच्या कातडीवर लेझरनं काळे किंवा पांढरे डाग पडायचा धोका जास्त, म्हणून ऊर्जा कमी ठेवून आधी लहान जागेवर चाचणी करणाऱ्याकडेच जा. ब्यूटी पार्लरमध्ये नाही.

शस्त्रक्रियेसाठी शक्यतो व्रण पिकेपर्यंत, किमान वर्षभर थांबतात, कारण चालू व्रण कापला तर तो पुन्हा तसाच उठतो. अपवाद महत्त्वाचे आहेत: पापणी ओढली जाऊन डोळा मिटत नसेल, तोंड उघडत नसेल, मान छातीला चिकटत असेल, किंवा लहान मुलाचा पंजा आखडून हाडाची वाढ बिघडत असेल, तर थांबायचं नाही. डोळ्याच्या बाबतीत तर आठवडाही नाही, बुबुळ कोरडं पडून दृष्टी जाऊ शकते. अरुंद पट्टा असेल तर झेड-प्लास्टी करतात: ६० अंशांचे दोन त्रिकोण अदलाबदल केले की पट्ट्याची लांबी गणितानं सुमारे ७५ टक्के वाढते. रुंद व्रण सोडवून तिथे ग्राफ्ट लावतात. पातळ ग्राफ्ट स्वतःही आकसतो, म्हणून ऑपरेशननंतर स्प्लिंट आणि गारमेंट पुन्हा काही महिने. ‘ऑपरेशन झालं, आता सुटलो’ म्हणून स्प्लिंट टाकून दिली की मान पुन्हा खाली येते.

केलॉइड नुसता कापायचा नाही. नुसता कापलेला केलॉइड निम्म्याहून अधिक वेळा परत येतो, आणि बऱ्याचदा आधीपेक्षा मोठा. कापायचाच असेल तर त्याच्या जोडीला स्टेरॉइड इंजेक्शनं, किंवा एक-दोन दिवसांत सुरू होणारी किरणोपचारांची लहान मात्रा, हे शस्त्रक्रियेआधीच ठरलेलं हवं.

मुलं, आणि खूप जुने व्रण

मूल वाढतं, व्रण तितका वाढत नाही. दोन वर्षांनी मोकळा वाटणारा गुडघा पाच वर्षांनी पुन्हा आखडू शकतो. उंची वाढायची थांबेपर्यंत वर्षातून एकदा दाखवा. मुलीच्या छातीवर भाजलं असेल तर वयात येताना व्रण स्तनाची वाढ दाबतो, त्या सुमारास प्लास्टिक सर्जनला आवर्जून भेटा. वेळेवर व्रण सोडवला तर वाढ नीट होते.

आणि जुन्या व्रणाबद्दल एक. वीस-तीस वर्षांपूर्वी भाजलेल्या जागी, विशेषतः ग्राफ्ट न लावता भरलेल्या आणि वारंवार फुटणाऱ्या व्रणात, कर्करोग होऊ शकतो. एखादी चीर सहा आठवड्यांत भरत नसेल, कड जाड आणि वर आलेली असेल, वास किंवा रक्त येत असेल, तर मलमं बदलत बसू नका. तुकडा काढून तपासणी करायला सांगा, आणि तो तुकडा मधून नाही, कडेवरून घ्यायचा असतो.